टॉवर नंबर चार

धारणीतल्या माझ्या स्टुडिओत एक पडदा आहे.
निळा समुद्र, दोन गलबतं, डाव्या कडेला दीपगृह.
ज्या पेंटरने रंगवला त्यानेही समुद्र पाहिला नव्हता,
म्हणून लाटा जरा नांगरटीसारख्या आल्यात.
चोवीस वर्षं झाली,
गावोगावचे नवरा-नवरी मी त्या दिव्याखाली उभे करतो.
हनुवटी वर. हलू नका.
दीपगृह नेहमी कुणाच्या तरी फेट्याआड अर्धं जातं.

मार्चमध्ये वनखात्याचं पत्र आलं:
आगीवर नजर ठेवायच्या टॉवरचे फोटो पाहिजेत,
चारही बाजूंनी, रेकॉर्डसाठी.
सेमाडोहपर्यंत एसटी, पुढे गार्डची मोटारसायकल,
पुढे पाय.
सागाची पानं पापडासारखी मोडत होती.
टेकडीवर चार लोखंडी तंगड्या, वर पत्र्याची खोली.
खालून बघताना मला हसूच आलं.
हे तर माझंच, पडद्यावरचं.
फक्त रंग उडालेला,
आणि समुद्र कुठेतरी निघून गेलेला.

बेचाळीस पायऱ्या. सतरावी डुगडुगते.
वर गन्नू बेठेकर, फायरवाचर,
एक दुर्बीण, एक वायरलेस, पाण्याची कॅन.
"मले ओयखलं नाई तुमी?
लगनाचा फोटो तुमच्याकडंच काहाडला.
मांगं मिनार होता."
दीपगृह, मी म्हणालो.
"त्या मिनारातल्या मानसाले रातभर काय दिसत असन?"
तो बघत नाही, मी म्हणालो. तो दिवा लावतो.
जहाजं त्याला बघतात.

गन्नू जरा थांबला. दुर्बिणीची काच शर्टाला पुसली.
"मंग आमचं उलटं हाय.
राती इथं कंदीलबी लावत नाई.
उजेड केला का भायेरचं दिसत नाई."

मी तिवई लावत होतो. तो बोलत राहिला,
माझ्याशी नाही, रानाशी बोलल्यासारखा.
"तेरा तारखेले उगवतीकडं धूर दिसला.
सेटवर बोल्लो: चार नंबरवरून, चार नंबरवरून,
नाल्यापल्याड पांढरा धूर.
पोरं पयाली, इझवला.
मोहाखालचा पाला जाळला होता कोनं तरी.
फुलं येचाले सोपं जाते."
मग बराच वेळ काही नाही. एक सुतार पक्षी, खालच्या ऐनावर.
"सुमरतीनं.
दंड माह्याच मजुरीतून कापला.
घरी गेलो तं भाकर वाढली, बोल्ली नाई.
तिले ठाव होतं ना,
मी वरतून पाहून रायलो म्हनून?
का ठाव होतं म्हनूनच..."
त्याने वाक्य तिथेच ठेवलं.
मीही उचललं नाही.

खाली उतरून चार बाजूंचे चार फोटो घेतले.
निघताना वरून हाक आली,
"फोटोवाले! एक इथून घ्या. तिकडचा."
पुन्हा बेचाळीस.
तिकडे काहीच नव्हतं:
टेकडीमागे टेकडी, त्यामागे धुरकट टेकडी,
नांगरटीसारख्या लाटा.
मधे मोहाचे दोन-तीन शेंडे.
"दोन कापी काहाडा. एक घरी नेतो.
इथून काय दिसते ते तिलेबी दिसू द्या."

प्रिंटवर मोहाजवळ एक पांढरा ठिपका आला.
लुगडं असेल.
लेन्सवरची धूळ असेल.
मी तो काढला नाही.

चुकून ऑफिसच्या पाकिटातही एक कॉपी गेली.
त्यांनी चार ठेवून घेतले, पाचवा परत पाठवला,
मागे लाल शाईत शेरा:
यात टॉवर दिसत नाही.